दुकान पाठीवर

माशाला समुद्रात राहायला काही विकत घ्यावं लागत नाही. त्याच्या मागे भाला घेऊन जाणाऱ्या माणसाला मात्र आधी दुकानात जावं लागतं, आणि एकदा तो दुकानात शिरला की पुन्हा समुद्र दिसायला बराच वेळ लागतो.

माझा भाचा फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलला असतो. आमचं मूळ मालवणकडचं. मासे खाणं रक्तात आहे, मारणं कधीच नव्हतं. आमच्या घरात मासा आला तो मासेवालीच्या पाटीतून, नाहीतर शेजाऱ्यांच्या रापणीतला वाटा म्हणून. भाच्याने मात्र ठरवलं, की पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं आणि भाल्याने मासा मारायचा. ही बातमी त्याने आईला फोनवर दिली. माझी बहीण जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अरे, थंय माशांचो बाजार नाय काय?"

इतका मुद्द्याचा प्रश्न पुढे त्या दुकानातही कुणी विचारला नाही.

मी तेव्हा भाच्याकडेच होतो. परदेशी आलेल्या मामाला शनिवारी कुठेतरी न्यावंच लागतं, म्हणून मला या खरेदीला नेण्यात आलं. निघताना भाचेसुनेने एक आकडा सांगितला आणि मला म्हणाली, "मामा, तुम्ही सोबत आहात म्हणून सोडतेय. याच्या वर जाऊ देऊ नका." मी मान डोलावली. मान डोलावणं हे पाहुण्या मामाचं मुख्य काम असतं.

भाच्याने समुद्राच्या पोटात पहिल्यांदा डोकावून पाहिलं ते तारकर्लीला. तिथे निवडीची भानगड नाही. होडीत बसायचं, आधीच्या पर्यटकाच्या अंगातून नुकताच निघालेला ओला सूट हातात येतो, तो घालायचा. टाकी ते बांधतात, शिसं ते लावतात, नळी तोंडात तेच देतात, आणि पाण्यात मागून एक मुलगा टाकी धरून जिकडे नेईल तिकडे आपण जायचं. मासे येऊन आपल्याला बघून जातात, त्याचा व्हिडिओ मिळतो. घरी परतल्यावर वर्षभर नातेवाईकांना दाखवायला तो पुरतो. सामानाबद्दल मत असावं अशी तिथे कुणाची अपेक्षा नसते.

फ्लोरिडातल्या दुकानात शिरताच पहिला प्रश्न आला, "काय मत आहे तुमचं?"

दुकानाचे उभे दोन भाग होते. डावीकडे टाकीवाल्यांचं सामान, उजवीकडे श्वास रोखून बुडणाऱ्यांचं. डावीकडचा विक्रेता गोलसर, हसरा, बोलका. उजवीकडचा सडपातळ आणि मितभाषी. श्वास वाचवायची सवय. भाल्याची शिकार मुळात उजवीकडची. एका दमात खाली जायचं, मासा मारायचा आणि दम संपायच्या आत वर यायचं. टाकीचं शास्त्र डावीकडचं, आणि त्याचा पहिला नियम असा, की पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर नाहीच. नाहीतर फुप्फुसातली हवा फुगून फुप्फुसच फाटतं. एका भिंतीवर "रोखा", दुसरीवर "रोखू नका". आणि भाच्याला दोन्ही भिंतींवरचं सामान एकदम हवं होतं. उजवीकडच्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि "टाकी लावून?" एवढंच विचारलं. आमच्याकडे ताटात मासा असताना कुणी चमचा मागितला तर वडीलधारी माणसं ज्या सुरात "चमचा?" विचारतात, तोच सूर.

त्याची नाराजी अगदीच बिनबुडाची नव्हती. फ्रान्स, इटली, स्पेन, ग्रीस, सगळीकडे टाकी लावून भाला चालवायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्येही आहे. हवाईत थोरल्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर 2013 पासून आहे. माशाला पळायला निदान आपला दम संपेपर्यंतची संधी द्यावी, असा त्यामागचा साधारण विचार. फ्लोरिडात चालतं. गंमत म्हणजे हे टाकीचं प्रकरण जन्मलं फ्रान्समध्येच, 1943 साली. झाक कुस्तो हा नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्याँ हा इंजिनिअर. महायुद्धात पेट्रोल मिळेना म्हणून लोक मोटारी गॅसवर चालवत होते. त्यासाठी गान्याँने एक झडप केली होती, मागेल तेवढाच वायू सोडणारी. तीच सुधारून माणसाच्या तोंडाला लावली. टाकी लावून पाण्याखाली जाणाऱ्या जगातल्या प्रत्येक माणसाचा जीव आज त्या झडपेच्या वंशजावर अवलंबून आहे. ही गोष्ट आपल्या सीएनजी रिक्षावाल्यांपर्यंत अजून पोचलेली नाही हे बरं, नाहीतर मीटरशिवाय खोलीचेही वेगळे पैसे लागले असते.

खरेदीला सुरुवात सूटपासून झाली. फ्लोरिडाचं पाणी गरम, तिथे तीन मिलिमीटरचा रबरी सूट पुरतो. पण त्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, त्यामुळे तो अंगात घातला की माणूस बुडत नाही. बुडायलाच तर आलो होतो. म्हणून शिसं. ते पौंडावर मिळतं, छोट्या छोट्या पिशव्यांत. पैसे देऊन स्वतःला जड करून घेण्याचा हा व्यवहार मला जरा वेळ समजलाच नाही. शिसं लावलं की माणूस थेट तळाला जातो, म्हणून हवा भरायचं जाकीट. जाकिटात हवा कमीजास्त करून पाण्यात अधांतरी राहायचं. तेवढ्यात गोलसर विक्रेत्याने आणखी एक बारकावा काढला. भरलेल्या टाकीत नुसती हवाच अडीच किलोंहून जास्त असते. ती आपण पिऊन टाकली, की ॲल्युमिनिअमची टाकी हलकी होऊन शेवटी शेवटी वर ओढायला लागते. म्हणजे सुरुवातीलाच थोडं जास्तीचं शिसं घ्यायला हवं. ते घेतलं की सुरुवातीला जास्त जड, म्हणून जाकीट थोडं मोठं. जाकीट मोठं, की पाण्याला अडतं, म्हणून पायांतल्या फिन्स जरा ताकदीच्या. ताकदीच्या फिन्सनी दमायला होतं, हवा जास्त लागते, म्हणून टाकी मोठी.

"किंवा स्टीलची टाकी घ्या," तो म्हणाला. "ती रिकामी झाली तरी तरंगत नाही. शिसं कमी लागेल."

"मग आत्ता घेतलेलं शिसं?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. या दुकानातली प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूने केलेला घोटाळा निस्तरायला असते, आणि निस्तरता निस्तरता पुढच्या वस्तूची सोय करून ठेवते. हे एकदा लक्षात आल्यावर मी खुर्ची शोधली.

रेग्युलेटरच्या, म्हणजे त्या झडपेच्या वंशजांच्या, कपाटापाशी भाचेसुनेचा आकडा आम्ही ओलांडला. मी भाच्याला आठवण केली. तो म्हणाला, "मामा, श्वासावर कसली काटकसर?" या वाक्यावर जगातल्या कुठल्याही मामाजवळ उत्तर नसतं. विक्रेत्याने तेवढ्यात पिवळ्या नळीचा दुसरा रेग्युलेटर काढला, सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायचा. मला हे आवडलं. पाहुण्यासाठी एक जादा ताट असावं, ही आपलीच पद्धत.

मग मनगटाला बांधायचा कॉम्प्युटर. भाचा आठवडाभर कॉम्प्युटरला काय करायचं ते सांगतो. शनिवारी कॉम्प्युटर त्याला सांगणार, किती खोल, किती वेळ. तीस मीटरवर दाब वरच्या चौपट, म्हणजे हवाही चौपट वेगाने संपते. शिवाय त्याच खोलीच्या आसपास नायट्रोजन डोक्यात चढायला लागतो आणि माणसाला थोडी झिंग येते. कुस्तोने या झिंगेचं वर्णन मोठ्या प्रेमाने केलेलं आहे. माणसाच्या एका हातात भाल्याची भरलेली बंदूक असताना त्याला झिंग चढते, आणि आसपास चिटपाखरूही नसतं, ही सगळी योजना ज्याने आखली त्याने घरी विचारलं होतं का, हा माझा प्रश्न.

सूटवर नक्षी कसली हवी, हाही विषय निघाला. शेवाळी, निळी, खडकासारखी भुरी. माशाला आपण दिसू नये म्हणून. उजवीकडचा मितभाषी विक्रेता तेव्हा स्वतःहून बोलला. त्याचं म्हणणं असं, की टाकीवाल्याने झाडपाल्याचा सूट घालणं म्हणजे पाठीवर शिट्ट्या देणारा कुकर बांधून झुडपामागे लपणं. प्रत्येक उच्छ्वासाला बुडबुड्यांचा गडगडाट. (कुकर त्याचा नव्हे, माझा, त्याच्या घरी नसावा. पण आशय त्याचाच.) बुडबुडे अजिबात न सोडणारं एक यंत्र आहे, सोडलेली हवाच साफ करून पुन्हा श्वासाला देणारं. भाच्याचे डोळे चमकले. पण फ्लोरिडात भाल्याच्या शिकारीला नेमकं तेवढंच यंत्र निषिद्ध आहे. आवाज करणारं चालेल, न करणारं चालणार नाही. सरकारने माशाची बाजू घेतलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

मास्कचं प्रकरण मात्र मला मनापासून आवडलं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, तो टूथपेस्टने घासून काढायचा. एवढं करूनही काच धुकटते, म्हणून प्रत्येक वेळी आत थुंकायचं, खळबळायचं आणि घालायचा. शंभर डॉलर मोजल्यावर शेवटी काम भागवते ती थुंकी. ही माहिती विक्रेत्याने आम्हांला फुकट दिली.

आणि त्या काचेतून दिसतं काय? पाण्यात वस्तू आहे त्याहून तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते आणि चौथ्या हिश्श्याने जवळ. मासेमारी करणाऱ्यांनी आजवर हात फाकून जी काही मापं सांगितली, त्या सगळ्यांना इथे प्रकाशशास्त्राचा भक्कम आधार मिळतो. तक्रार एवढीच, की कायदा वरच्या मापाने चालतो. भाच्याच्या डोक्यात हॉगफिश होता, लांब नाकाडाचा, तांबूस, तिकडे चवीला सगळ्यांत वरचा मानलेला. त्या किनाऱ्यावर तो किमान सोळा इंच हवा, आणि माणशी एकच. आता हिशेब करा. बारा इंचांचा हॉगफिश पाण्यात बरोबर सोळा इंचांचा दिसतो. निसर्गाने आणि सरकारने एकत्र बसून आखलेला सापळा आहे हा. गळाला लागलेला लहान मासा सोडून देता येतो. भाल्याने आरपार झालेल्याला "चुकून झालं, जा" कसं म्हणणार? म्हणून माप आधी, भाला नंतर. तेही नजरेने, झिंगेत, मासा हलत असताना.

रंगांचंही तसंच. तांबडा रंग पाण्यात पहिल्या काही मीटरांतच विरतो. खाली तांबूस हॉगफिश करडा दिसतो, आणि भाला लागल्यावर त्याचं रक्त हिरवं. कुस्तोच्या टोळीत फ्रेदेरिक द्यूमा हा नावाजलेला भालेकरी होता. हिरवं रक्त पाहून ती मंडळी चकित झाली होती. भाच्याला मी म्हटलं, "तुझ्या आजीने हिरव्या रक्ताचा मासा घरात घेतला असता का?" तो म्हणाला, "मामा, वर आलं की लाल होतं." वर येईपर्यंतच्या विश्वासावर हा खेळ चालतो.

बंदुकीची भिंत. बंदूक म्हणायचं, पण दारूगोळा नाही. जाड रबरी पट्टे ताणून पोलादी भाला सोडायचा. बंदुकीची मूठ छातीला टेकवून पट्टा दोन्ही हातांनी ओढायचा असतो. भाचा पहिल्यांदा ओढायला गेला तेव्हा गोलसर विक्रेत्याने मोठ्या अदबीने आम्हां सगळ्यांना बाजूला केलं. पाण्याबाहेर पट्टे कधी चढवायचे नाहीत, तिथे फक्त ओढून बघायचं. स्वच्छ पाण्यात लांब बंदूक, गढुळात आखूड, कपारीत आणखी आखूड. म्हणजे पाणी बघून बंदूक हवी, आणि पाणी बघायला आधी उतरायला हवं. काही बंदुका लाकडी, सागवानाच्या. सागवानावरून मी हात फिरवला. त्या अख्ख्या दुकानात माझ्या ओळखीचं असं तेच एक होतं. भाव विचारल्यावर तीही ओळख मिटली.

"मासा मारल्यावर ठेवायचा कुठे?" मी सहज विचारलं. पिशवी वगैरे असेल, अशी माझी समजूत.

यावर दोन्ही विक्रेत्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं: स्वतःपाशी नाही. माशात तार ओवून ती कमरेला अडकवायची पद्धत आहे, पण या किनाऱ्यावर शार्क आहेत आणि भाल्याच्या आवाजाचा अर्थ त्यांना कळू लागला आहे, असं तिथले पाणबुडे सांगतात. कमरेला नैवेद्य लटकवून फिरायचं नाही. त्यात टाकीवाल्याची आणखी पंचाईत अशी, की त्याला झटक्यात वर येता येत नाही. मिनिटाला नऊ मीटरच्या सावकाश गतीने यायचं आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, रक्तात विरघळलेला नायट्रोजन निवांत बाहेर पडावा म्हणून. ती तीन मिनिटं भाचा, गळणारा मासा आणि शार्क अशी तिघांनी एकमेकांकडे बघत काढायची. यावर उपाय म्हणून घोट्याला बांधायचं एक विजेचं यंत्र मिळतं, शार्कला दूर ठेवणारं. ते भाच्याने हातात घेतलं आणि मी उठून उभा राहिलो. आकड्याच्या दुप्पट रक्कम तोवर होऊन गेली होती.

शेवटी नियमांचा कागद. परवाना सतरा डॉलरचा. सगळ्या यादीत स्वस्त तेवढंच. पोहण्याच्या किनाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत भाला नको. वर तांबडा झेंडा, त्यावर पांढरा तिरपा पट्टा, आणि मोकळ्या समुद्रात त्या झेंड्यापासून तीनशे फुटांच्या आत राहायचं. मग न मारायच्या माशांची यादी आली, आणि ती वाचताना भाच्याचा चेहरा उतरत गेला. स्नूक नाही, टार्पन नाही, पॉम्पानो नाही. गोलायथ ग्रूपर म्हणजे आपल्या हेकरूचा हत्तीएवढा भाऊबंद. तो तर मुळीच नाही. लॉबस्टर हंगामात हाताने पकडता येईल, भाला लावला की गुन्हा. एवढा दारूगोळा घेऊन उतरायचं आणि खाली प्रत्येक माशापुढे थांबून आधी त्याचं नाव-गाव विचारायचं.

आणि मग त्या गोलसर माणसाने, बिल करता करता, लायनफिशची गोष्ट काढली. ही त्याने पहिल्यांदाच सांगितली असती तर खरेदी अर्ध्यावर आली असती. म्हणूनच सांगितली नसणार.

लायनफिश हा अटलांटिकचा नव्हे. आला तो हिंदी आणि प्रशांत महासागरांकडून, बहुधा कुणाच्या तरी काचपेटीतून सोडला जाऊन. तिकडच्या समुद्रात त्याची पहिली नोंद 1985 ची, आणि तीही डेनिया बीचची, म्हणजे भाच्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. तो मात्र स्थानिक पिल्लं खात सुटला, पोरवडा वाढवत गेला आणि पार कॅरिबियनभर पसरला. आपल्या बाजूच्या महासागरातून येऊन फ्लोरिडात उत्तम स्थिरावलेल्यांपैकी भाचाही एक. पण त्याला तिकडे राहायला कागदपत्रं किती लागली ते मी पाहिलं आहे. लायनफिशने एकही फॉर्म भरलेला नाही. सरकार आता विनवतं आहे की मारा. मापाची अट नाही, संख्येची नाही, हंगाम नाही. हातातल्या साध्या काठीच्या भाल्याने मारलात तर सतरा डॉलरचा परवानाही नको. बुडबुडे न सोडणारं ते यंत्रसुद्धा यालाच तेवढं चालतं, आणि खरं तर त्याची गरजच नाही, कारण लायनफिश पळत नाही. पिसारा फुलवून जागच्या जागी उभा राहतो. भाला घेऊन दोन फुटांवर गेलात तरी उभा. आपल्याला कुणी हात लावणार नाही याची त्याला जन्मजात खात्री, कारण अंगावर अठरा विषारी काटे.

म्हणजे लांब बंदूक नको, सागवान नको, नक्षीचा सूट नको. हातभर काठी, पुढे तीन-चार टोकं. आणि मारलेला मासा ठेवायला जाड प्लास्टिकचं नळकांडं, तोंडाशी नरसाळं बसवलेलं, आत गेला की बाहेर न येणारं. शार्ककडून हिसकावला जायची भीतीही कमी आणि मांडीला काटा टोचायचीही. भाच्याने आधीची बंदूक परत केली का? नाही. काठी वेगळी घेतली.

घरी भाचेसुनेने पावती वाचली. वाचताना तिने काहीच म्हटलं नाही, मग विचारलं, "काटा लागला तर?" या बाबतीत विक्रेत्याने दिलेली माहिती चोख होती. त्या विषावर उतारा म्हणजे गरम पाणी. हात सोसेल एवढ्या गरम पाण्यात, पंचेचाळीस अंशांच्या आत-बाहेर, बराच वेळ बुडवून ठेवायचा. उष्णतेने ते विष निकामी होतं, मग डॉक्टर. मांस खायला अडचण नाही, विष फक्त काट्यात. काटे कात्रीने कापून टाकले की तिरफळं घालून आमटी, नाहीतर रव्यात घोळवून तळलेला; पांढरा, मऊ, पापलेटच्या चुलत घराण्यातला वाटावा असा मासा. हे सगळं मी हॉटेलात खाऊन सांगतोय.

तेव्हा होडीवर गरम पाणी हवं. त्यासाठी दुकानात एक खास थर्मास होता, पण तेवढ्यावर मी भाच्याला अडवलं होतं. घरात थर्मास आहे, मीच भारतातून येताना आणलेला. भाचेसून म्हणाली तो द्यायचा नाही, त्याला मासळीचा वास लागेल. भाचा म्हणाला त्याला आधीच चहाचा वास आहे. मी म्हटलं पाणी घेऊन जा आणि काटा नाही लागला तर येताना त्यातच चहा करा. यावर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी गॅलरीत जाऊन बहिणीला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, "किती गावले?" म्हटलं, अजून पाण्यात उतरलेला नाही. मग पावतीवरची रक्कम तिला रुपयांत सांगितली. ती म्हणाली, "तेवढ्यात हय होडी येता, जाळ्यासकट," आणि मागे कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवून गेली.